जागा धरणारा

कॅज्युअल्टीतल्या औषधांच्या ट्रेमध्ये तो बहुधा मागच्या रांगेत असतो. बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची अ‍ॅम्प्यूल, आत पाण्यासारखा बिनरंगी एक मिलिलीटर द्रव, मानेवर फोडण्यासाठी केलेली खूण आणि अंगावर बारीक अक्षरांत नाव: अ‍ॅट्रोपीन सल्फेट, ०.६ मिलिग्रॅम. किंमत काही रुपये. शेजारी अ‍ॅड्रेनॅलिन असतं, त्याचा दरारा वेगळा. त्याचं नाव सिनेमे बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. अ‍ॅट्रोपीनचं नाव रुग्णाच्या नातेवाइकांच्या कानावर येतं ते एखाद्या वाईट रात्रीच, आणि त्या रात्री ते इतक्या वेळा येतं की पुढे आयुष्यभर विसरत नाही.

मी औषधशास्त्र शिकवतो. स्वायत्त चेतासंस्थेवर औषधं कशी चालतात हा भाग नव्या मुलांपुढे मांडताना मी सुरुवात याच्यापासून करतो. पुस्तकांचा क्रम वेगळा आहे: निरोप पोचवणारी औषधं आधी, अडवणारी नंतर. मला तो क्रम पटत नाही. हा काय काय बंद पाडतो ते एकदा पाहिलं, की शरीरात एरवी काय काय चालू असतं ते आपोआप कळतं.

या संस्थेला आपण कधी काही सांगत नाही. ताट समोर आलं की तोंडाला पाणी सुटतं, उन्हातून घरात आलं की डोळ्यातली बाहुली मोठी होते, झोपेत हृदय सावकाश चालतं, आतडी आपल्या गतीने पुढे ढकलत राहतात. यातलं काहीच आपल्या हुकमाने होत नाही. तिच्या दोन शाखा आहेत. सिम्पथेटिक धावपळीची, पॅरासिम्पथेटिक खाण्यापचवण्याची आणि विसाव्याची. दुसरीचा निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. मज्जातंतूच्या टोकातून तो सुटतो, समोरच्या पेशीवरच्या मस्कॅरिनिक रिसेप्टरवर जाऊन बसतो आणि निरोप पोचतो: लाळ सोड, हळू चाल, बाहुली लहान कर. काम झालं की अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम क्षणात त्याचे तुकडे करतं आणि जागा मोकळी होते. घामाच्या ग्रंथी तेवढ्या विचित्र. त्या नावाने सिम्पथेटिकच्या, पण त्यांचाही निरोप्या अ‍ॅसिटिलकोलीनच. तोंडी परीक्षेत निम्मी मुलं इथे अडखळतात.

अ‍ॅट्रोपीन करतो काय, तर त्या मस्कॅरिनिक जागेवर आधी जाऊन बसतो. बस्स. स्वतः कुठलाही निरोप देत नाही, निरोप्याला मारत नाही, एन्झाइमला हात लावत नाही. नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावर वणीची किंवा सुरगाण्याची एसटी लागली, की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. रुमाल काही प्रवास करत नाही, पण तो आहे तोवर त्या जागेवर दुसरं कुणी बसत नाही. गर्दी बेताची असेल तर एक रुमाल पुरतो. गर्दी आवाक्याबाहेर गेली की एका रुमालाला कुणी विचारत नाही, मग पुष्कळ रुमाल लागतात. औषधशास्त्रात याला स्पर्धात्मक अवरोध म्हणतात. अ‍ॅट्रोपीनच्या स्वभावाची सगळी किल्ली या एका गोष्टीत आहे: त्याचा डोस किती, हे समोर गर्दी किती यावर ठरतं.

त्याचं कूळ आपल्या ओळखीचं आहे. श्रावणात त्र्यंबकेश्वरला बेलाबरोबर धोतऱ्याचं फूल आणि काटेरी फळ महादेवाला वाहतात. उकिरड्यावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारं हे झाड. गाय-बैल त्याला तोंड लावत नाहीत, पोरांना आया त्यापासून लांब ठेवतात. त्याच्या पाना-बियांत हायोसायमीन आणि हायोसीन ही द्रव्यं असतात. हायोसायमीन झाडातून काढताना त्याचे अर्धे रेणू उलट बाजूला वळतात आणि उरतं ते मिश्रण म्हणजे अ‍ॅट्रोपीन. मिश्रणातला जवळजवळ सगळा गुण डावीकडच्या अर्ध्याचा, उजवा अर्धा नुसता सोबतीला. युरोपात हेच द्रव्य बेलाडोना या झाडातून मिळालं. माइन नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने 1831 साली ते शुद्ध रूपात वेगळं केलं.

झाड म्हणून मात्र त्याची कीर्ती जुनी आणि दुहेरी. आयुर्वेदात खोकल्या-दम्यावर दिलं जाणारं कनकासव धोतऱ्याचंच. दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढायची भारतातली रीत 1802 च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली आणि पुढे शंभरेक वर्षं तिथल्या दुकानांत दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. आज दम्याच्या रुग्णाला नेब्युलायझरमधून इप्राट्रोपियम देतात, तो याच घराण्यातला. त्याला फुप्फुसातच राहायला लावलंय, रक्तात फारसा उतरू दिलेला नाही. आणि दुसरी कीर्ती वाटमाऱ्यांची. प्रवाशाच्या अन्नात धोतऱ्याच्या बिया मिसळायच्या, तो भ्रमला की लुटायचं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पोलिसांचे कागद अशा गुन्ह्यांनी भरलेले आहेत.

धोतऱ्याच्या बिया खाल्लेलं पोर ज्याने एकदा पाहिलं, त्याला अ‍ॅट्रोपीनचं व्यक्तिमत्त्व शिकवावं लागत नाही. अंग तापलेलं पण घामाचा थेंब नाही. तोंड इतकं कोरडं की शब्द चिकटतात. चेहरा लाल, बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्याचा रंग दिसेनासा होतो, पोट फुगलेलं, लघवी अडलेली. आणि ते पोर हवेतून काहीतरी वेचत असतं, चादरीवर नसलेले धागे ओढत असतं, कोपऱ्यात उभ्या नसलेल्या माणसाशी बोलत असतं. रक्तातून मेंदूत शिरायला अ‍ॅट्रोपीनला कुणी अडवत नाही. तिथेही अ‍ॅसिटिलकोलीनच्या जागा आहेत आणि तिथेही तो जाऊन बसतो.

या बाजूचा उतारा सापडला प्रागमध्ये. 1864 साली क्लाइनवॅख्टर या तरुण डॉक्टरने अ‍ॅट्रोपीन प्यायलेल्या कैद्यावर आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेचा अर्क वापरला आणि त्या माणसाला शुद्धीवर आणलं. त्या शेंगेतलं फायसोस्टिग्मीन अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेजला रोखतं. निरोप्याचे तुकडे होईनासे झाले, त्यांची गर्दी वाढली आणि रुग्णाच्या शरीरात अ‍ॅट्रोपीनने धरलेल्या जागा सुटल्या. त्या दिवशी अ‍ॅट्रोपीन विष होता आणि एन्झाइम रोखणारं द्रव्य औषध. पुढच्या शंभर वर्षांत या दोघांनी जागांची अदलाबदल केली. एन्झाइम रोखणारी द्रव्यं कारखान्यांत बनू लागली, पिकांवर आणि शस्त्रागारांत गेली, आणि अ‍ॅट्रोपीन उतारा झाला.

मधल्या काळात तो प्रयोगशाळेत राबला, आणि माझ्या मते शास्त्रावर त्याचं सगळ्यात मोठं ऋण इथलंच आहे. 1867 साली बेत्सोल्ड आणि ब्लोबाउम यांनी दाखवलं की अ‍ॅट्रोपीन दिल्यावर व्हेगस मज्जातंतू कितीही चेतवला तरी हृदय मंदावत नाही. 1914 साली हेन्री डेल यांनी अ‍ॅसिटिलकोलीनचे परिणाम दोन गटांत विभागले: अ‍ॅट्रोपीनने पुसले जातात ते मस्कॅरिनिक, पुसले जात नाहीत ते निकोटिनिक. 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाभोवतालचं पाणी दुसऱ्या हृदयावर घालून ते मंदावून दाखवलं आणि मज्जातंतू रसायनाच्या भाषेत बोलतात हे सिद्ध झालं. पुढे त्यांनी हेही दाखवलं की अ‍ॅट्रोपीन असताना मज्जातंतू आपलं रसायन सोडत राहतो, हृदय मात्र ते ऐकत नाही. डेल आणि लोवी यांना 1936 चं नोबेल मिळालं. या सगळ्या कामात अ‍ॅट्रोपीन हा निरोप पारखायची कसोटी होता. एखादा परिणाम त्याच्यासमोर टिकतो की नाही, एवढ्यावर स्वायत्त चेतासंस्थेचा निम्मा नकाशा काढला गेला.

डेल यांचा तो प्रयोग आमच्या पिढीने काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर उमटलेला पाहिला. कुत्र्याच्या रक्तदाबाची रेघ. अ‍ॅसिटिलकोलीन टोचलं की रेघ खाली येते. मग अ‍ॅट्रोपीन. पुन्हा तेवढंच अ‍ॅसिटिलकोलीन टोचलं, रेघ जागची हलत नाही. मग डोस पुष्कळ वाढवून टोचला आणि रेघ वर चढली. तीच बाटली, तीच सुई, परिणाम उलटा. मस्कॅरिनिक जागा बंद झाल्यामुळे निकोटिनिक जागांवरचं काम उघडं पडलं: गँग्लिया जागे झाले, अ‍ॅड्रिनल ग्रंथीने आपला माल सोडला. वर्गात कितीही आकृत्या काढल्या तरी जे पटत नाही ते ती चढती रेघ एका क्षणात पटवते.

सशाचा डोळा हा दुसरा धडा. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात सलाईनचे थेंब, दुसऱ्यात बाटलीवर नाव नसलेलं औषध. थोड्या वेळाने टॉर्च मारायचा, कापसाच्या बारीक वातीने बुबुळाला स्पर्श करायचा आणि औषध ओळखायचं. बाहुली मोठी झाली, टॉर्च मारला तर आकसते, म्हणजे एफेड्रिन. मोठी झाली आणि वातीचा स्पर्श कळत नाही, म्हणजे कोकेन. मोठी झाली, स्पर्श कळतो, पण टॉर्चच्या उजेडाला दाद देत नाही, म्हणजे अ‍ॅट्रोपीन. या प्रयोगात एक खाचही आहे. काही सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपीन मोडून टाकणारं एन्झाइम जन्मजात असतं, ते बेलाडोनाची पानं खाऊनही खुशाल राहतात. आता प्राण्यांवरचे हे प्रयोग अभ्यासक्रमातून जवळजवळ गेले आहेत. ससा संगणकाच्या पडद्यावर आला आहे, माउसने थेंब पडतो आणि बाहुली मोठी होते. प्राण्यांचे हाल वाचले हे बरंच झालं आणि त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. फक्त पडद्यावरचा ससा डोळा मिटत नाही, मान काढून घेत नाही, आणि बघायला वेळ लागतो हे तो शिकवू शकत नाही.

महाराष्ट्रात हे सगळं शिकणाऱ्या बहुतेक मुलांची परीक्षा नाशिकहून होते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून इथे आहे, दिंडोरी रोडला, म्हसरूळला. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत वैद्यकशास्त्र शिकणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या औषधशास्त्राच्या पहिल्या पेपरात अ‍ॅट्रोपीनवर कधी ना कधी लिहितोच. त्या विद्यापीठाच्या फाटकावरून तसंच पुढे गेलं की रस्ता दिंडोरीला जातो. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागतात. पूर्वेला निफाड, पिंपळगाव बसवंत, तोही द्राक्षांचाच पट्टा, शिवाय टोमॅटो आणि कांदा. पेपरातला प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर यांच्यात इथे फार अंतर नाही.

द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची आणि ऑक्टोबरची. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा हंगाम सुरू होतो. बराचसा मारा डाऊनी आणि भुरीवरच्या बुरशीनाशकांचा असतो, पण उडद्या, फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी कीटकनाशकंही लागतात. फवारणीच्या औषधांत क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस ही नावं शेतकऱ्याला पाठ असतात. ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फरस घराण्यातली. जर्मनीत गेर्हार्ड श्राडर कीटकनाशकं शोधत असताना 1936 साली याच घराण्यातलं टॅबून हे जहाल विष त्यांच्या हाती लागलं, तेव्हा किडीला मारणारं आणि माणसाला मारणारं रसायन एकच आहे हे पहिल्यापासून माहीत होतं. ही द्रव्यं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेजला चिकटतात आणि सहजासहजी सोडत नाहीत.

मग शरीरात काय होतं ते रात्री अकरा वाजता जीपमधून उतरवलेल्या माणसात दिसतं. कुणी दिवसभर वाऱ्याच्या तोंडावर पंप घेऊन फवारलं, सदरा भिजला, तो तसाच अंगावर वाळवला. कुणी घरातल्या भांडणानंतर, कुणी कर्जाच्या नोटिशीनंतर. नातेवाईक म्हणतात, "औषध घेतलंय, डॉक्टर," आणि कॅरीबॅगेतून बाटली पुढे करतात. ती बाटली आणली हे फार मोठं काम त्यांनी केलेलं असतं, त्यांना तसं सांगावं. बाटलीवरच्या चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा हे बघायचं, घटकाचं नाव वाचायचं. पण निदान बाटलीच्या आधी माणूसच सांगतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, अंग घामाने निथळतंय, उलट्या, जुलाब, नाडी मंद. छातीला स्टेथोस्कोप लावला की पाण्यातून हवा जावी तशी खरखर. धोतऱ्याच्या पोराची प्रत्येक खूण इथे उलटी करून ठेवलेली. अ‍ॅसिटिलकोलीनची गर्दी झाली आहे, आणि हा माणूस मरणार असेल तर बहुधा स्वतःच्या छातीत साठलेल्या पाण्यात बुडून मरणार आहे.

इथे अ‍ॅट्रोपीन मागच्या रांगेतून पुढे येतो. आधी नळीने घसा साफ, ऑक्सिजन, कपडे उतरवून अंग साबणाने धुणं, आणि त्याच वेळी शिरेतून पहिला डोस, तीन अ‍ॅम्प्यूल. पाच मिनिटांनी बघायचं. छाती मोकळी नाही? सहा. पुन्हा पाच मिनिटं. बारा. मग चोवीस. निरोगी माणसाला दहा मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपीन दिलं तर तो भ्रमिष्ट होईल. या माणसाच्या अंगात पंधरा मिनिटांत सत्तावीस मिलिग्रॅम जातं आणि तो नुसता कोरडा व्हायला लागतो. सिस्टर एका हाताने अ‍ॅम्प्यूलची मान मोडतात, दुसऱ्या हाताने सिरिंज भरतात, मावशी काचा गोळा करतात. गॉज गुंडाळून मोडली तरी बोटाला काच लागतेच. अशा रात्री नवा इंटर्न विचारतो, "एवढं द्यायचं?" कारण पुस्तकात त्याने ०.६ हा आकडा पाठ केलेला असतो.

कधी थांबायचं? हे ठरवायला यंत्रापेक्षा हात लागतो. छातीतली खरखर गेली का, नाडी ऐंशीच्या वर आहे का, वरचा रक्तदाब ऐंशीच्या वर आहे का, बाहुली टाचणीएवढी राहिलेली नाही ना, आणि काख कोरडी झाली का. ही शेवटची खूण मी मुलांना पुनःपुन्हा सांगतो. हातमोजा घातलेली बोटं रुग्णाच्या काखेत घालायची आणि बाहेर काढून बघायची. ओली आली तर अजून द्यायचं. कोरडी आली आणि छातीही मोकळी असेल, तर आता थेंबाथेंबाने, आत्तापर्यंत दिलेल्या एकूण डोसाचा दहा ते वीस टक्के भाग दर तासाला. बाहुलीच्या मागे धावायचं नाही, ती उशिरा मोठी होते आणि तिच्या नादी लागलं की अ‍ॅट्रोपीन जास्त होतो. मग हाच माणूस हवेतून धागे वेचू लागतो, पोट फुगतं, ताप चढतो. तो विषाने नाही, आपण दिलेल्या औषधाने भ्रमला आहे हे ओळखता आलं पाहिजे. पहाटे वॉर्डात कुणी बडबडू लागलं की नातेवाईक घाबरतात. तेव्हा ठिबक थोडं थांबवून पुन्हा काख, पुन्हा छाती, पुन्हा नाडी. बांगलादेशातल्या 2012 साली छापलेल्या एका चाचणीत डोस दुप्पट करत नेऊन मग सलग ठिबक देण्याची ही रीत ठरावीक वेळाने ठरावीक डोस देण्याच्या जुन्या रीतीशी ताडून पाहिली होती. जुन्या रीतीत शंभरातले बावीस-तेवीस दगावले, नव्या रीतीत आठ. औषध दोन्हीकडे तेच होतं. फरक होता तो देण्याच्या रीतीचा.

त्याच्या मर्यादा तो लपवत नाही. निकोटिनिक जागांशी त्याचं काही देणंघेणं नाही, हे डेल यांनी 1914 मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून काख कोरडी झाली तरी मांडीच्या स्नायूंची फडफड चालू राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळं सुधारतंय असं वाटत असताना, रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालिद्दे यांनी 1987 साली या टप्प्याचं नीट वर्णन केलं. आता श्वासाचे स्नायूही थकणार असतात, आणि तिथे अ‍ॅट्रोपीनच्या कितीही पेट्या उघडल्या तरी उपयोग नाही, व्हेंटिलेटरच लागतो. राउंडला "डोकं वर उचला बरं" असं रोज म्हणायचं ते याचसाठी. शौचाला झाली, चहा प्यायला, म्हणून अशा रुग्णाला घाईने वॉर्डात हलवू नये.

एन्झाइमवरून विष सोडवायचं काम प्रॅलिडॉक्सिम या दुसऱ्या औषधाचं, वॉर्डात त्याला पॅम म्हणतात. त्याबद्दलचा एक महत्त्वाचा पुरावा बारामतीचा आहे. गिरिराज हॉस्पिटलमध्ये कीर्ती पवार, रमेश भोईटे आणि सहकाऱ्यांनी दोनशे रुग्णांवर केलेली चाचणी 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. सगळ्यांना आधी दोन ग्रॅम, मग निम्म्यांना अठ्ठेचाळीस तास दर तासाला एक ग्रॅम सलग, निम्म्यांना दर चार तासांनी एक ग्रॅम. सलग दिलेल्यांत एक दगावला, दुसऱ्या गटात आठ, आणि सलग गटाला अ‍ॅट्रोपीनही कमी लागला. तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र पॅमचा फायदा दिसला नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. रुग्ण किती उशिरा आला, कुठलं विष, किती जोखमीचा, यावर उत्तर बदलतं. अ‍ॅट्रोपीनबद्दल असा वाद कुणी घातलेला नाही. त्याच्याबद्दल मतभेद आहेत ते फक्त देण्याच्या रीतीचे.

आणि जिथे त्याने जाऊ नये ती जागाही महाराष्ट्रानेच दाखवून दिली. लाल विंचू चावला की रुग्णाला घाम फुटतो, उलट्या होतात, लाळ गळते. वरवर बघणाऱ्याला वाटतं, अ‍ॅट्रोपीन द्यावा. सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्करांनी हे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. सुरुवातीची ती लाळ-घाम थोड्या वेळाची असते. खरं वादळ त्यामागून येतं आणि ते सिम्पथेटिकचं असतं: हातपाय बर्फासारखे, रक्तदाब चढलेला, मग हृदय थकून फुप्फुसात पाणी. अशा वेळी अ‍ॅट्रोपीन दिला तर उरलासुरला व्हेगसचा लगामही सुटतो आणि हृदयावरचा भार वाढतो. बावस्करांनी रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही साधी, स्वस्त, पोटात घ्यायची गोळी वापरली. ती सिम्पथेटिकच्या अल्फा जागा धरते. 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ते मांडलं, आणि त्यांच्या भागात विंचूदंशाने होणारे मृत्यू एका पिढीत कमालीचे घटले. वर्गात मी हे दोन रुग्ण शेजारी शेजारी ठेवतो, फवारणीचा आणि विंचवाचा. दोघांनाही घाम आहे, दोघांनाही लाळ आहे. एकाला अ‍ॅट्रोपीन हवा, दुसऱ्याला नको. ज्याला यातला फरक हात लावून कळला, त्याला स्वायत्त चेतासंस्था कळली असं मी मानतो.

बाकीची त्याची कामं शांततेची आहेत. लहान मुलांचा चष्म्याचा नंबर नीट काढायला डोळ्यांत त्याचं मलम घालतात, मग आठवडाभर आणि कधी त्याहून जास्त दिवस मुलाला उजेड सहन होत नाही. हृदय फार मंदावलं की अजूनही आधी त्यालाच बोलावतात. भूल देण्याआधी लाळ कमी करायला पूर्वी तो प्रत्येक ऑपरेशनला असे, आता ते काम बरंचसं ग्लायकोपायरोलेटकडे गेलंय, कारण ते मेंदूत शिरत नाही. हृदय पूर्ण थांबलेल्या माणसाला तो देत असत, 2010 च्या मार्गदर्शक सूचनांतून तेही काढलं.

पण त्याचं मोठं काम फवारणीच्या विषावरचंच. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. सगळीच विषं ऑर्गॅनोफॉस्फरस नव्हती, मिश्रणं होती, काहींवर अ‍ॅट्रोपीनचा उपायही नव्हता. पण त्या आठवड्यांनी एक गोष्ट दाखवली: असे रुग्ण एकेक करून येत नाहीत, हंगाम त्यांना एकदम आणतो. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते हिशेबाचं आहे. जोखमीच्या एका रुग्णाला पहिल्या पंधरा मिनिटांत पंचेचाळीस अ‍ॅम्प्यूल लागतात. त्यापुढे ठिबकावर तासाला पाच ते नऊ, म्हणजे दिवसाला शंभर ते दोनशेच्या वर. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एका रात्री असे दोन रुग्ण आले तर पाचशेची पेटीही दुसरा दिवस नीट बघणार नाही. आणि साठा संपला म्हणून अ‍ॅट्रोपीन न देताच १०८ च्या रुग्णवाहिकेत घालून नाशिकला पाठवलेला रुग्ण चाळीस किलोमीटरची वाट छातीत पाणी घेऊन काढतो. निफाड, दिंडोरी, चांदवड या भागांतल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याने ऑक्टोबर छाटणीच्या आधी, आणि पावसाळी टोमॅटोच्या फवारण्या सुरू होण्याआधी, स्टोअर उघडून अ‍ॅट्रोपीनच्या अ‍ॅम्प्यूल मोजाव्यात, त्यांच्यावरची मुदत वाचावी, आणि हजारांत मागणी नोंदवावी.